टिटवीचं पाणी

गळणारा नळ मला बघवत नाही. हा गुण की खोड, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. माझं माहेर माणदेशातलं. आमच्या गावात पाणी यायचं ते टँकरनं, आणि टँकरचा भोंगा वाजला की शाळेतली पोरं मास्तरांसकट बाहेर पळायची. हंड्याच्या काठावरून ओघळलेलं पाणीसुद्धा आई तळहातानं परत आत लोटायची. नव्वदच्या आसपास आम्ही शारजाला आलो, तेव्हा नळाला चोवीस तास पाणी बघून मला आधी आनंद झाला आणि मग राग आला. समुद्राचं पाणी गोडं करून ते नळाला सोडतात, हे कळल्यावर तर जास्तच. एवढा खटाटोप करून आणलेलं पाणी लोक गाड्या धुवायला वापरत होते.

नवरा दुबईत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत होता. शारजात भाडी कमी म्हणून आम्ही तिथे राहायचो आणि तो रोज सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर दोन-दोन तास गाडीत काढायचा. एका अरबाबाचे, म्हणजे अरब घरमालकाचे, चार जुने बैठे व्हिला एका रांगेत होते. त्यातला आमचा तिसरा. चारही घरांच्या मागे एक भिंत घातलेली मोकळी जागा होती. वाळू, फुटक्या लाद्या, एक वाळलेलं बाभळीचं खोड आणि कोपऱ्यात एक नळ. आम्ही तिथे फक्त कपडे वाळत घालायचो.

शेवटच्या घरात एक इंग्रज बाई राहत होती. साठीची असेल. गुडघ्यापर्यंतची खाकी पँट, डोक्याला गवताची टोपी, आणि नाक कायम सोललेलं. तिनं सुट्टीच्या एका शुक्रवारी पांढरी फक्की आणून त्या जागेचे चार सारखे भाग पाडले आणि चारही घरांच्या बेल वाजवल्या. हे अलॉटमेंट, ती म्हणाली. तिच्या देशात म्हणे ज्यांना घरामागे बाग नसते त्यांना गावाच्या कडेला भाजीपाल्यापुरता एकेक तुकडा मिळतो, आणि त्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात. मला हसू आलं. आमच्याकडे याला परसबाग म्हणतात आणि त्यासाठी कोणी नंबर लावत नाही. पण मी माझा तुकडा घेतला. पुढच्याच शुक्रवारी तिच्याकडून शेणखताचं पोतंही उसनं घेतलं.

बाईंची एक पंचाईत होती. त्यांच्या सगळ्या सवयी उलट्या ऋतूंच्या. मार्चमध्ये पेरायचं, उन्हाळ्यात खायचं, हिवाळ्यात हत्यारांना तेल लावून बसायचं. इथे ऑक्टोबरात उकाडा जरा सैल झाला की पेरायचं, जानेवारीच्या धुक्यात मेथी-मुळा-पालक खुडायचा, मार्चअखेर टोमॅटो संपवायचे आणि मे महिन्यात जमीन सोडून द्यायची. "आमचा जानेवारी म्हणजे इथला जुलै," असं त्या सांगायच्या. स्वयंपाकघराच्या भिंतीला त्यांनी एक वही टांगली होती. कुठल्या महिन्यात कोण आलं ते त्यात लिहायच्या. ऑक्टोबरात तुरेवाला हुदहुद, वाफ्यातून शहाण्यासारखा चालणारा. थंडीत धोबी पक्षी, शेपूट वरखाली करत. एप्रिलमध्ये वरून जाणारे हिरवे राघू. बारा महिने साळुंक्या आणि त्यांची भांडणं. एकदा कोबीखाली काट्यांचा एक लहानसा गोळा सापडला, मी उंदीर समजून फावडं उचललं, तर बाईंनी माझा हात धरला. तो काटेरी जीव रात्रभर किडे खाऊन माझाच कोबी राखत होता म्हणे.

माझ्या मुलीला ही वही म्हणजे देव. ती त्यांच्याकडेच इंग्रजी बोलायला शिकली, आणि मग माझ्याशीही इंग्रजीतच बोलायला लागली. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही आमची पद्धत तेव्हापासूनची.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी मुलगी आठ वर्षांची होती. मार्चमध्ये बाईंच्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि त्या कायमच्या परत निघाल्या. जाताना वही मुलीला दिली आणि नळाच्या कोपऱ्यातला आपला तुकडा मला. एकच गोष्ट सांगितली: नळ थोडा गळतो, तो तसाच असू दे, पक्ष्यांना माहीत आहे तो. मी मान डोलावली. आणि मनात म्हटलं, बाई गेल्या की पहिला वॉशर बदलते.

वॉशर बदलला. तरी गळायचं थांबेना, नळाचं बूडच झिजलं होतं. थेंब-थेंब पडून खाली सुपाएवढं डबकं साचायचं. मी त्याच्या कडेला अळू लावला म्हणजे निदान पाणी सार्थकी लागेल, पण मेच्या उन्हानं तो करपला. मग डबकं तसंच राहिलं आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघून चिडायची.

जूनच्या मध्यावर टिटवी आली. टिटवीचं ओरडणं चांगलं नाही असं ऐकत मी लहानाची मोठी झाले. आमच्याकडे ती घरावरून ओरडत गेली की आई चुलीत मीठ टाकायची. इथे तर ती माझ्या वाफ्यात मुक्कामालाच आली. नळापासून दहा पावलांवर, मुळ्याच्या रिकाम्या वाफ्यात, तिनं छातीनं घासून एक बशीएवढा खळगा केला, भोवती खडे मांडले आणि चार अंडी घातली. अंडी मातीच्याच रंगाची, काळे ठिपके असलेली. पहिल्या दिवशी माझा पाय एका बोटाच्या अंतरानं चुकला. तेव्हा दोघंही नवरा-बायको माझ्या डोक्यावर असे तुटून पडले की मी चप्पल तिथेच टाकून पळाले.

मुलगी आणि चाचा, दोघं हसून हसून बेजार झाले. चाचा म्हणजे आमच्या चारही घरांचा नातूर, राखणदार. पठाण, पन्नाशी ओलांडलेला, मेंदी लावलेली दाढी, एका गुडघ्यानं अधू. फाटकाजवळच्या खोलीत राहायचा. कचरा, गाड्या, पाण्याच्या टाक्या, सगळं तोच बघायचा. घरी त्याला तीन मुली होत्या आणि धाकटीला त्यानं फक्त दोनदा पाहिलं होतं. माझ्या मुलीला तो 'बेटा' म्हणायचा आणि गावाहून आणलेले अक्रोड दारात दाबून फोडून द्यायचा. शुक्रवारी सकाळी दोघं भिंतीच्या सावलीत बसून टिटवीवर पहारा करायचे. मी चहा न्यायची.

त्यानंच मला एकदा दाखवलं. मला तो बाजी म्हणायचा, म्हणजे ताई. "बाजी, देखो. ये चिडिया बहुत समझदार है."

टिटवी डबक्यात गेली, पाण्यात पोट टेकवून हलली, पिसं भिजवली आणि तुरुतुरु चालत येऊन अंड्यांवर बसली. तेवढ्यात दुसरी उठून डबक्याकडे निघाली. ऊन चढलं की दर थोड्या वेळानं हेच. आमच्याकडे टिटवी अंडी उबवते. इथे ती अंडी थंड ठेवत होती.

"पानी नहीं मिलेगा तो?" मी विचारलं.

"तो अंडा पक जाएगा, बाजी. जैसे चूल्हे पर."

हे मला त्यानं सांगितलं, माझ्या तोंडावर सांगितलं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे मी स्वतःशी खूपदा म्हणून पाहिलं की मला नीट कळलं नव्हतं. पण मला कळलं होतं.

नवऱ्याला दोन वर्षांतून एकदा दोन महिने रजा मिळायची. त्या वर्षी ती होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळा सुटली की निघायचं, ऑगस्टअखेर परत. मुलीनं बाईंच्या वहीत दिवस मोजून ठेवले होते. अंडी फुटायला अजून दोन आठवडे लागणार होते आणि आम्ही तेव्हा गावी असणार होतो. ती दोन दिवस रडली. मग तिनं चाचाकडून वचन घेतलं. मी फाटकातच उभी होते, माझ्यासमोरच घेतलं.

"चाचा, नल बंद नहीं होना चाहिए. प्रॉमिस?"

"वादा, बेटा. मैं हूँ ना."

"पूरे टू मन्थ्स."

"पूरे दो महीने. तुम आओगी तो बच्चे भागते होंगे इधर."

गल्फातून रजेवर निघणं म्हणजे घराचं श्राद्ध घालण्यासारखं असतं. गॅस बंद, गीझर बंद, फ्रिज रिकामा करून दार उघडं, एसीचा मेन खाली, आणि शेवटी पाण्याचा व्हॉल्व्ह. हे सगळं बाईच्या अंगात मुरलेलं असतं. टॅक्सी दारात उभी, नवरा बॅगा लादतो आहे, अशा वेळी मी मागच्या दारानं जाऊन हे एकेक करत होते. घराचा व्हॉल्व्ह बंद केला. त्याच्याच शेजारी बागेचा व्हॉल्व्ह होता.

मागच्या रजेच्या वेळी मी तो उघडा ठेवला होता. परत आले तर कुणीतरी त्यावर नळी लावून दोन महिने गाड्या धुतल्या होत्या आणि मागे दलदल झाली होती. तो राग माझ्या मनात होता. थेंब-थेंब पाणी दोन महिने रेतीत जाणार, हे दिसत होतं. वरून टिटवी ओरडत होती, आणि प्रवासाला निघताना ती ओरडते आहे हेही मनात कुठेतरी होतंच. मी म्हटलं, पक्षी आहे, पंख आहेत, जाईल दुसरीकडे पाण्याला. शारजात काय पाण्याला तोटा आहे? मी बागेचा व्हॉल्व्ह बंद केला. आणि मग, तो कोणी उघडू नये म्हणून, पान्यानं वरचा नट काढून त्याची लाल चाकी काढली आणि पर्समध्ये टाकली.

विसरले असं मी म्हणू शकले असते. पण विसरलेलं माणूस चाकी काढून नेत नाही.

टॅक्सीत मुलगी मागच्या काचेतून चाचाला हात करत होती. तो फाटकात उभा राहून छातीवर हात ठेवून हसत होता.

गावी गेल्यावर पहिले चार दिवस पाहुण्यांत गेले. पाचव्या दिवशी मंदिरात पर्स उघडली तर ओटीच्या नारळाआधी चाकी हातात आली. माझी आई शेजारी होती. म्हणाली, "हे काय गं?" मी म्हटलं, "नळाची चाकी आहे. चुकून आली." आईनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "पाणी बंद करून आलीस होय, बरं केलंस." माझ्या आईनं आयुष्यात मला क्वचित शाबासकी दिली. ही त्यातली एक.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या गावी गेले आणि एसटीडी बूथमधून आमच्या शेजारच्या व्हिलात फोन लावला. तिथे एक मल्याळी कुटुंब होतं. लागलाही पटकन. चाचाला सांगा, पक्कड लावून व्हॉल्व्ह उघड, एवढंच म्हणायचं होतं. दोन वाक्यं. मी घरून पाठ करून आले होते.

"क्या हुआ, सब ठीक?" शेजारीण घाबरून म्हणाली. त्या काळात इंडियातून फोन आला की लोक आधी घाबरायचेच.

बूथच्या काचेबाहेर माझी वहिनी उभी होती, रांगेत आणखी तिघं. मी एवढ्या लांबून फोन केला आहे आणि तो टिटवीसाठी आहे, हे मला त्या काचेच्या पेटीत मोठ्यानं म्हणायचं होतं, आणि मला लाज वाटली. खरं म्हणजे लाज त्याचीही नव्हती. चाकी मी नेली आहे, हे सांगावं लागलं असतं.

"सब ठीक," मी म्हटलं. "ऐसे ही फोन किया. गर्मी कैसी है?"

"अरे, मत पूछो. हालत खराब है. तुम लकी हो."

मी फोन ठेवला. वहिनी म्हणाली, "झालं बोलणं?" झालं, मी म्हटलं. तेव्हा अजून वेळ होता. सहावाच दिवस होता.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही परतलो. विमानतळाबाहेर पडताना चष्म्यावर वाफ धरते तो महिना. टॅक्सी थांबायच्या आत मुलगी उडी मारून मागे पळाली. मी पर्स काखेला घट्ट धरून तिच्या मागे. माझा बेत असा होता की ती घरट्याकडे बघत असताना पटकन चाकी बसवून टाकायची. काय बेत! 

व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक चौकोनी असतं, त्यावर चाकी बसते. ते टोक चौकोनी राहिलंच नव्हतं. पकडीचे ओरखडे, पुन्हा पुन्हा लावलेले, एकावर एक. कोणीतरी इतकी ताकद लावली होती की कडा झिजून ते गोल झालं होतं. मी चाकी बसवली तर ती नुसतीच गरगर फिरली. मी ती परत पर्समध्ये टाकली.

मग वाफ्याकडे गेले. मुलगी उकिडवी बसली होती. अंडी चारही तिथेच होती, रंग उडालेली, एकाला भेग पडून मुंग्या लागलेल्या. टिटव्या नव्हत्या. घरट्यापासून हातभर अंतरावर जमीन उथळ खणून त्यात निळं प्लॅस्टिक अंथरलेलं होतं, कडेनं दगड दाबलेले, आत वाळलेल्या पाण्याचे पांढरे वर्तुळासारखे डाग. शेजारी दोन तुपाचे रिकामे डबे. फाटकापासून तिथवर एक पायवाट पडली होती, आणि वाळूत एका पायाचा ठसा दुसऱ्यापेक्षा खोल होता.

चाचा मागून आला. दोन महिन्यांत तो वाळला होता. तो मुलीच्या समोर खाली बसला. गुडघ्यामुळे त्याला बसायला वेळ लागला.

"यू प्रॉमिस्ड," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "आपने बोला था नल बंद नहीं होगा."

चाचानं माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी पुढे स्वतःला सांगायची. हेही खोटंच असावं.

"गलती हो गया, बेटा," तो म्हणाला. "मैं पानी नहीं पहुँचा सका. इधर पानी डालता था, एक घंटे में चाय जैसा गरम. आठ-दस दिन बैठा वो. फिर चला गया."

"बट यू प्रॉमिस्ड!"

"हाँ. मेरा कसूर है."

मी काय करत होते? हातातल्या बॅगेला विमान कंपनीचा कागदी टॅग होता, तो मी नखानं फाडत होते. तो निघेना म्हणून दातानं तोडला. मग मी म्हटलं, "चल घरात, उन्हात बसू नकोस." हे मी म्हटलं.

त्यानंतर सात महिने तो रोज फाटकात म्हणायचा, "सलाम, बेटा," आणि माझी मुलगी बुटांकडे बघत त्याच्यासमोरून शाळेच्या बसमध्ये चढायची. मी रोज तिला पोचवायला जायची, म्हणजे रोज हे बघायची. आज सांगू, उद्या सांगू. ऑक्टोबर आला, मी मेथी पेरली. हुदहुद आला, मुलीनं वहीत लिहिला नाही. वही तिनं कपाटावर टाकून दिली होती. डिसेंबरात नवीन व्हॉल्व्ह बसला, त्याला नवी चाकी आली. चाचानंच प्लंबरला बोलावून बसवून घेतला आणि मला म्हणाला, "अब ठीक है, बाजी, आराम से खुलता है." त्याच्या बोलण्यात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मुलीला सांगायला मी का घाबरत होते? तिनं माझ्याशी बोलणं टाकलं असतं म्हणून. त्याच्याशी तिनं टाकलं होतंच, ते कसं असतं ते मी रोज बघत होते, आणि ते माझ्या वाट्याला यायला नको होतं. इतका साधा हिशेब होता.

मार्चमध्ये अरबाबानं चारही घरं पाडून बिल्डिंग बांधायचं ठरवलं. आम्हाला दोन महिन्यांची मुदत, आणि चाचाला तेवढीही नाही. त्याचा व्हिसाच रद्द होत होता. टोमॅटोचे शेवटचे घड उतरवले त्याच आठवड्यात, दुपारी तीन वाजता, तो दारात आला. इस्त्रीचा सलवार-कमीज, नवी टोपी. बाहेर पिकअपमध्ये दोरीनं बांधलेलं खोकं आणि एक बॅग. हातात अक्रोडांची पिशवी.

"बेटा को सलाम बोलना था."

मी आत गेले. ती टीव्हीसमोर बसली होती. "चाचा चालले आहेत गं. कायमचे. बाहेर ये."

तिनं मान वळवली नाही. "टेल हिम आय ॲम स्लीपिंग."

माझ्याकडे तेव्हाही वेळ होता. पिकअपचा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणून हॉर्न वाजवत होता, पण एवढा वेळ होता. मी दारात परत आले आणि म्हणाले, "सो रही है, चाचा."

आतून कार्टूनचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. तो त्यालाही ऐकू येत होता.

"अच्छा, अच्छा. सोने दो. बच्ची है." त्यानं पिशवी माझ्या हातात दिली, छातीवर हात ठेवला आणि लंगडत पिकअपकडे गेला. अक्रोड मी स्वयंपाकघरात ठेवले. मुलीनं खाल्ले नाहीत, मला खाववले नाहीत. घर बदलताना त्यांना कीड लागलेली दिसली म्हणून टाकून दिले.

चाकी मात्र टाकली नाही. घर बदललं, मग आणखी एकदा बदललं. बाग नव्हती, चौथ्या मजल्यावर गॅलरीत दोन कुंड्या होत्या. चाकी शिलाईच्या डब्यात तळाशी, दोऱ्यांच्या रिळांखाली असायची. बटण लावायला डबा उघडला की मी रिळं अलगद उचलायची.

मुलगी सतरा वर्षांची झाली. परदेशातल्या कॉलेजांना अर्ज करायचे होते आणि त्यासोबत एक निबंध लागत होता: तुम्हाला घडवणारा एखादा प्रसंग. तिनं दोन पानं छापून मला वाचायला दिली. "आई, जस्ट चेक इट वन्स," म्हणाली आणि समोर बसून राहिली.

सुंदर लिहिलं होतं. बाईंची वही होती, फक्कीच्या रेघा होत्या, टिटवीनं पोट भिजवणं होतं. आणि मग एक राखणदार होता, ज्यानं एका आठ वर्षांच्या मुलीला वचन दिलं आणि आळसानं मोडलं. मोठी माणसं गोड बोलून खोटं बोलतात हे मी त्या उन्हाळ्यात शिकले, तिनं लिहिलं होतं. म्हणून मी आता कोणाच्याही शब्दावर विसंबत नाही, स्वतः जाऊन बघते. शेवटच्या परिच्छेदात तिनं माझे आभार मानले होते. त्या दिवशी मला उन्हातून घरात नेणारी माझी आई, असं वाक्य होतं.

मी पानं खाली ठेवली. उठले, शिलाईचा डबा आणला, रिळं बाजूला केली आणि चाकी टेबलावर ठेवली. मग सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, पर्स, बूथ, पकडीचे ओरखडे, निळं प्लॅस्टिक कोणी अंथरलं ते, कार्टूनचा आवाज. सांगताना मी रडले नाही. रडून तिची सहानुभूती घेणं हा आणखी एक अपराध झाला असता, एवढं मला कळत होतं.

ती चाकीकडे बघत होती. मग म्हणाली, "चाचा न्यू? ऑल दॅट टाइम?"

"हो. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"अँड ही सेड सॉरी टू मी."

"हो."

तिनं तोंडावर दोन्ही हात धरले. थोड्या वेळानं हात काढले आणि खूप दिवसांनी मराठीत बोलली. "आपण त्यांना शोधू. पत्र लिहू. त्यांचं नाव काय होतं, आई?"

सहा-सात वर्षं तो माणूस आमच्या फाटकात होता. त्याचा गुडघा कुठला अधू ते मला माहीत होतं, चहात साखर किती ते माहीत होतं, मुली तीन हे माहीत होतं. डोंगरातलं गाव, पेशावरहून पुढे बसनं जावं लागतं, इतकंही ठाऊक होतं.

"चाचा," मी म्हटलं.

"नाव, आई. नाव."

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. नवऱ्याला ऑफिसात फोन करून विचारलं, त्यालाही आठवेना. मल्याळी शेजारी केव्हाच देश सोडून गेले होते, अरबाबाचं ऑफिसही बदललं होतं.

मुलीनं चाकी उचलून तळहातावर ठेवली. लाल रंग आता फक्त आऱ्यांच्या आतल्या बाजूला राहिला होता. तिनं ती परत माझ्यापुढे सरकवली. "ही तूच ठेव," म्हणाली, आणि निबंधाची पानं घेऊन खोलीत गेली.

तो निबंध तिनं पाठवला नाही. दुसरा लिहिला, आठवडाभर बसून. तो तिनं मला वाचायला दिला नाही, आणि मीही मागितला नाही.